‘फायर सागा’सारख्या खुळ्या चित्रपटातल्या शेवटच्या गाण्याला डोळ्यांत पाणी का येते?

‘युरोव्हिजन साँग कॉन्टेस्ट: द स्टोरी ऑफ फायर सागा’ हा चित्रपट घरातल्या सगळ्यांनी दोन तास हसत पाहिला आणि शेवटच्या गाण्याला मात्र सगळेच गप्प झाले, असे आपण लिहिले आहे. हे कसे घडले आणि असले गाणे ऑस्करच्या नामांकनापर्यंत कसे पोहोचले, असा आपला प्रश्न आहे. मी गेली बावीस वर्षे लग्नसमारंभांत आणि गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राबरोबर सिंथेसायझर वाजवतो, त्यामुळे हा चित्रपट मी रंगमंचाच्या बाजूने पाहिला आहे. माझ्या मते याचे कारण एकच आहे: ते गाणे सुरू होते तेव्हा स्पर्धा आधीच हातची गेलेली असते.

हे नीट कळण्यासाठी युरोव्हिजन या मुख्यतः युरोपीय देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेचे दोन-तीन नियम ठाऊक असावे लागतात. ही स्पर्धा १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानो येथे सात देशांनिशी सुरू झाली. प्रत्येक देश एकच गाणे पाठवतो, ते तीन मिनिटांत संपवावे लागते, आणि परीक्षक व घरबसले प्रेक्षक मिळून गुण देतात. स्वतःच्या देशाला मात्र मत देता येत नाही. आइसलँड १९८६ मध्ये यात प्रथम उतरला. १९९९ आणि २००९ मध्ये तो दुसरा आला, परंतु अजून एकदाही जिंकलेला नाही. चार लाखांहूनही कमी लोकसंख्येच्या देशाने साऱ्या युरोपसमोर उभे राहावे, ही गोष्टच मला फार मोठी वाटते. जिंकणाऱ्या देशाला पुढच्या वर्षीचे यजमानपद मिळते, आणि तो खर्च परवडणार नाही म्हणून चित्रपटात तिथल्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नरच स्पर्धकांच्या जिवावर उठतो. हे उपकथानक मला ओढून-ताणून आणलेले वाटते. ते गाळले असते तर चित्रपट वीस मिनिटांनी आटोपशीर झाला असता.

खरी गोष्ट ‘फायर सागा’ या गायक-जोडीची, म्हणजे लार्स आणि सिग्रिट यांची आहे. उत्तर आइसलँडमधल्या हुसाविक या मासेमारीच्या आणि देवमासे पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या गावात लहानगा लार्स १९७४ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘आबा’ या स्वीडिश गटाला युरोव्हिजन जिंकताना पाहतो आणि नाचू लागतो. सारे त्याला हसतात, पण तोवर कोणाशीही न बोलणारी सिग्रिट त्याच्याबरोबर नाचू लागते. तिथून पुढे लार्स आयुष्यभर स्पर्धेसाठी गातो आणि सिग्रिट लार्ससाठी गाते. पुढचा सगळा विनोद आणि सगळे दुःख या एका फरकातून निघते.

गावातल्या पबमध्ये मात्र त्यांच्या स्पर्धेच्या गाण्यांत कोणालाच रस नसतो. ओलाफ नावाचा एक इसम दर वेळी तेच एक उडते गाणे म्हणा म्हणून अक्षरशः रागावतो. या प्रसंगाला मी किती हसलो हे सांगता येणार नाही, कारण हा ओलाफ मला प्रत्येक गावात भेटलेला आहे. आमच्याकडे तो चिठ्ठी पाठवतो. एका गणेशोत्सवात गायिकेने महिनाभर तालीम केलेले भावगीत धरले, तोच पावसाने भिजून शाई पसरलेली चिठ्ठी माझ्या कीबोर्डवर येऊन पडली. तिच्यावर दोनदा वाजवून झालेल्याच गाण्याचे नाव होते आणि खाली ‘लगेच’ असे लिहिले होते. आम्ही ते तिसऱ्यांदा वाजवले. चित्रपटाचे मोठेपण असे की तो या फर्माईश करणाऱ्याला मूर्ख ठरवत नाही. ते उडते गाणेही गावाचेच आहे, आणि लार्सला ते हलके वाटते ही चूक लार्सची आहे.

पुढे ही जोडी आइसलँडकडून युरोव्हिजनला जाते. स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या उपांत्य फेरीत लार्स सारे लक्ष देखाव्यावर ठेवतो. पिंजऱ्यातल्या हॅमस्टरसाठी असते तसे एक प्रचंड चक्र तो रंगमंचावर आणवतो आणि स्वतः त्यात धावतो. सिग्रिटचा लांबलचक स्कार्फ त्या चक्रात अडकतो, चक्र सुटून प्रेक्षकांच्या दिशेने गडगडत जाते, आणि तरीही दोघे धडपडत उठून गाणे पुरे करतात. सभागृहात आधी शांतता पसरते, मग तुरळक हसू ऐकू येते. ती शांतता रंगमंचावर उभे राहून ज्याने ऐकली आहे त्याला हा प्रसंग निव्वळ विनोदी वाटणार नाही.

दिग्दर्शक डेव्हिड डॉब्किन यांनी याच भागात एक सुंदर खूण ठेवली आहे. एडिनबरोच्या रस्त्यावर एक कलाकार पियानोवर शांतपणे गाताना दिसतो. तो पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल आहे. त्याने २०१७ मध्ये कीव्ह येथे कोणताही झगमगाट न करता, स्वतःच्या पोर्तुगीज भाषेत गाऊन ७५८ गुणांनिशी युरोव्हिजन जिंकले होते. १९९९ पासून आपल्याच देशाच्या भाषेत गाण्याचे बंधन उठल्यावर बहुतेक देश इंग्रजीकडे वळले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रस्त्यावरच्या गाण्याचे वजन कळते. शेवटी सिग्रिट जे करणार आहे, त्याची ही पूर्वसूचनाच आहे.

आता अंतिम फेरी. त्या फजितीनंतरही त्यांची निवड झालेली असते. हरलो असे समजून गावी परतलेला लार्स धावतपळत पोहोचतो, चालू गाणे मध्येच थांबवतो आणि सिग्रिटने रचलेले गाणे तिला म्हणायला सांगतो. नोंदवलेले गाणे बदलले की स्पर्धक बाद होतो, हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे पहिला स्वर लागतो तेव्हा आपल्या मनातून गुणफलक पुसला गेलेला असतो. अशा चित्रपटांत एरवी आपण ‘जिंकतील का?’ हे मनात धरूनच शेवटचे गाणे ऐकतो. इथे उरते ते फक्त गाणे. इतका वेळ पुढे राहण्यासाठी धडपडणारा लार्स आता साथीला बसतो. गाण्यात आहेत ते डोंगर, समुद्रपक्षी, देवमासे आणि उत्तरेकडचा रंगीत प्रकाश. मग इंग्रजी शब्दांमधून सिग्रिट आइसलँडिक भाषेत शिरते, स्क्यालफांडीच्या खाडीकाठच्या आपल्या घराचे नाव घेते, आणि दूर पबमध्ये बसलेल्या गावकऱ्यांचे चेहरे बदलतात. तार सप्तकातला तो लांबवलेला शेवटचा स्वर चित्रपटभर दंतकथेसारखा बोलला गेलेला असतो. तो लागतो तेव्हा थट्टा संपलेली असते.

हा परिणाम साधला, कारण गाणी करणाऱ्यांनी थट्टेच्या गाण्यांतही हात आखडता घेतला नाही. भारतीय वंशाचे अमेरिकन गीतकार सावन कोटेचा यांनी रिकार्ड योरान्सन आणि फॅट मॅक्स जीसस यांच्यासह हे ‘हुसाविक’ गाणे रचले. पडद्यावर सिग्रिटच्या भूमिकेत अभिनेत्री रेचल मॅकॲडम्स दिसत असली तरी तो चढता आवाज स्वीडनच्या मॉली सांदेनचा आहे, आणि ती २००६ मध्ये ज्युनियर युरोव्हिजनमध्ये स्वीडनकडून गाऊन तिसरी आली होती. म्हणजे ज्या स्पर्धेची गंमत चाललेली आहे, तिच्या सावलीत वाढलेलीच मुलगी तिथे जीव ओतून गाते आहे. त्यात चित्रपट आला जून २०२० मध्ये, जेव्हा महामारीमुळे युरोव्हिजन इतिहासात प्रथमच रद्द झाली होती. अनेकांच्या दृष्टीने त्या वर्षीची स्पर्धा हीच होती.

ऑस्कर २०२१ मध्ये दुसऱ्या चित्रपटाच्या गाण्याला गेले. परंतु त्या सोहळ्यासाठी मॉली सांदेनने हे गाणे हुसाविकच्याच बंदरावर चित्रित केले आणि तिच्यामागे त्या गावातल्या शाळकरी मुली गात होत्या. ती चित्रफीत इंटरनेटवर सहज सापडते. चित्रपट पाहून झालाच आहे, तर तीही घरच्यांसह अवश्य पाहावी.