काता येतो, ताओलू का अडतो?

प्रश्न : शोतोकान कराटे बरीच वर्षं केलं. आता ताई ची या चिनी कलेचा 24 हालचालींचा ताओलू, म्हणजे ठरलेल्या क्रमाचा संच, शिकतो आहे. क्रम पाठ झाला, पण शिक्षक रोज एकच सांगतात, ‘तुम्ही मध्येमध्ये थांबता.’ मला तर कुठे थांबलेलं जाणवत नाही.

तुमचे पाय थांबत नाहीत, खांदे थांबतात. कात्यात, म्हणजे कराटेतल्या अशाच संचात, प्रत्येक तंत्राच्या टोकाला किमे असतं. पोट, बगल, पाठ, मांडी क्षणभर एकदम आवळायची आणि सोडायची. ही सवय अंगात इतकी मुरते की हात सावकाश नेला तरी टोकाला बगल आवळली जातेच. ताओलूत एका हालचालीचं टोक हीच पुढच्या हालचालीची सुरुवात असते, त्यामुळे तो आवळलेला क्षण बघणाऱ्याला थांबल्यासारखा दिसतो.

पूर्ण संचाला पाच-सहा मिनिटं लागतात. त्यात ही चूक शोधत बसू नका, एकच हालचाल घ्या. ‘गुडघा झाडून पाऊल’ यासाठी उत्तम. एक तळवा कानाजवळून पुढे जातो, दुसरा पुढच्या गुडघ्यावरून झाडल्यासारखा फिरून मांडीशेजारी येतो. पुढचा तळवा पोचेल तेव्हा कोपर किंचित वाकलेलं आणि जमिनीकडे झुकलेलं हवं. कोपर सरळ होऊन बाहेर वळलं, तर तुम्ही ठोसाच मारलात असं समजा. तळवा पोचतो न पोचतो तोच वजन मागे सरकायला लागलं पाहिजे. एका बाजूने आठ-दहा वेळा करा आणि सोबत्याला तुमच्या खांद्यावर दोन बोटं टेकवून ठेवायला सांगा. टोकाला खांदा वर उचलला गेला की बोटांना लगेच कळतं.

श्वासाकडेही बघा. किमे उच्छ्वासाला बांधलेलं असतं. तोंडाने ‘हिस्स’ करून श्वास तोडलात की शरीर आपोआप आवळतं. नाकाने, आवाज न करता, हालचालीपेक्षा थोडा लांब सोडा. पंधरवडाभर तरी चेहरा कोरा आणि हात निर्जीव वाटेल. तेवढं चालवून घ्या. घाईने जोर आणायला गेलात तर किमेच परत येईल.

प्रश्न : ताई ची सुरू केल्यापासून गुडघ्याची आतली बाजू दुखते. कराटेत कधी दुखली नव्हती.

वजन ठेवलेल्या पायावर तुम्ही वळत असणार. कराटे अनवाणी करतो, त्यामुळे वळताना तळपाय लादीवर थोडा सरकतो. इथे पायात बूट असतात. तळ जमिनीला धरून राहतो आणि वरून कंबर वळते, मग सगळा पीळ मधल्या गुडघ्यावर येतो.

पुढे जाताना क्रम असा ठेवा : आधी वजन मागच्या पायावर घ्या. पुढच्या पायाचा चवडा उचला, टाच टेकलेलीच असू द्या. खुब्यापासून पाय साधारण 45 अंश बाहेर वळवा. चवडा टेका, मग वजन पुढे घ्या. आता मागचा पाय मोकळा होईल, तो पुढे आणून आधी टाच टेकवा.

पवित्राही आखूड करा. झेनकुत्सु-दाची या कराटेतल्या लांब पवित्र्याइतकं पाऊल टाकलंत तर टाच टेकेपर्यंत तोल मागच्या पायावर धरता येत नाही, पाऊल ‘पडतं’. आधी पाऊलभर कमी करून बघा. दोन्ही टाचा एका रेषेत येऊ देऊ नका, आडवं अंतर हालचालीनुसार 10 ते 30 सेंटीमीटर राहू द्या. गुडघा सुजला किंवा मध्येच अडकू लागला तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : गोजू-र्‍यू या कराटे शैलीचा सान्चिन हा काता आणि चीनच्या फूच्येन प्रांतातल्या श्वेत बगळा शैलीतला त्याच नावाचा ताओलू एकच का?

नातं आहे, पण एकच नाहीत. जपानच्या ओकिनावा बेटावरचे हिगाओन्ना कानऱ्यो फूच्येनमधल्या फूचौ शहरात शिकून आले. त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांनी गोजू शैलीत मिटलेल्या मुठींचा सान्चिन रुजवला. उएची कान्बुन हेही फूचौमध्येच शिकले, आणि त्यांच्या शैलीत सान्चिन आजही उघड्या हातांनी करतात. कराटे हा शब्दही पूर्वी ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहिला जाई. ‘रिकामा हात’ ही चिन्हं घ्यावीत असं 1936 साली ओकिनावातल्या नाहा शहरातल्या बैठकीत ठरलं. त्यामुळे चिनी सान्चिन शिकताना ओळखीचं बरंच भेटेल. पण गोजूचा घट्ट श्वास आणि कसलेलं अंग तिथे नेऊ नका, हाताला हवी ती उसळी त्याने मरते.

प्रश्न : दोन महिन्यांनी काता स्पर्धा आहे. दोन्ही चालू ठेवू का?

सहा आठवडे आधी नवीन ताओलू शिकणं थांबवा, आलेला आठवड्यातून एकदा घोटा. दोन्ही एकाच सत्रात करू नका. सगळ्यात आधी बिघडतं ते हिकिते : कमरेकडे खेचलेली मूठ सैल पडते आणि अर्ध्यावरच राहते. वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या नियमांनुसार मान्य यादीतलाच काता करता येतो, त्यामुळे ताओलूतली लकब कितीही देखणी असली तरी ती कात्यात मिसळू नका. रोजच्या सरावाचा एक काता बाजूने मोबाइलवर चित्रित करा आणि फक्त ती मूठ कमरेपर्यंत पोचते का ते बघा.