शूबर्टचा तिसरा इम्प्रॉम्प्टू: सहा फ्लॅट की एक शार्प?

मुलीला पियानोच्या परीक्षेला शूबर्ट या संगीतकाराचा तिसरा इम्प्रॉम्प्टू (पियानोची छोटी रचना) आहे, यादीत जी फ्लॅट मेजर ही पट्टी लिहिलंय, म्हणजे सुरुवातीला सहा फ्लॅट (अर्धा स्वर उतरवणाऱ्या खुणा) हवेत, आणि नेटवरून उतरवलेल्या प्रतीत एकच शार्प (अर्धा स्वर चढवणारी खूण), म्हणजे जी मेजर दिसतोय, तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. वाचून नऊ वर्षांपूर्वीचा मी आठवलो. नका चालवू.

शूबर्टने १८२७ मध्ये तो जी फ्लॅटमध्येच लिहिला. त्या संचातल्या चार इम्प्रॉम्प्टूंपैकी पहिले दोन त्याच वर्षी छापून आले. पुढच्या वर्षी शूबर्ट गेला, अवघा ३१ वर्षांचा. उरलेले दोन उजेडात आले ते थेट १८५७ मध्ये, आणि तेव्हा व्हिएन्नाच्या प्रकाशकाने तिसरा परस्पर जी मेजरमध्ये चढवला, वर लांबलचक बार (उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे खंड) तोडून एकाचे दोन केले. सहा फ्लॅट बघून घरी वाजवणारं गिऱ्हाईक पळेल, ही भीती असावी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर काळी तीनची चीज पांढरी पाचमध्ये. तुमच्याकडे आलीय ती बहुधा त्याच वळणाची जुनी छपाई.

आता माझा गाढवपणा. मी चाळिशीत शिकायला लागलेला माणूस, फुकटची प्रत छापून घेतली आणि सात महिने घासली. मध्येच रेकॉर्डिंगबरोबर वाजवून पाहिलं तर माझा कीबोर्ड अर्धा स्वर वर! प्रत चुकीची असेल हे डोक्यातच आलं नाही. कीबोर्डवरचं ट्रान्स्पोजचं (सगळे सूर वर-खाली सरकवणारं) बटण उणे एकवर नेलं, सूर जुळले, खूश झालो. परीक्षेत खरा पियानो असतो आणि त्याला असलं बटण नसतं, हे कळेपर्यंत फी भरून झाली होती.

मग जिथे फी भरली त्या कार्यालयाला विचारलं, जी मेजर चालेल का? उत्तर: 'अभ्यासक्रम पाहावा.' अभ्यासक्रम पाहूनच विचारतोय म्हटलं, तर पुन्हा तेच वाक्य. फोनवर तिसऱ्या बाईंनी मला 'तुमच्या सरांना विचारा' म्हटलं. सर म्हणाले, कार्यालयाला विचारा. हो किंवा नाही, एवढ्या एका शब्दासाठी पाच आठवडे गेले. शेवटी बसलोच नाही. फी अर्थात परत नाही.

नव्याने बसवताना कळलं की ही नुसती पट्टीची गोष्ट नाही. जी फ्लॅटमध्ये पाचही काळ्या पट्ट्या लागतात, पांढऱ्या फक्त दोन. लांब बोटं काळ्यांवर आपसूक बसतात आणि मधल्या बोटांतली ती अखंड झुळझुळ हलकी होते. जी मेजरमध्ये काळी एकच, हात सपाट पडतो. सहा फ्लॅट वाचायला भयंकर, वाजवायला सोपे, असं माझं मत. मी शिक्षक नाही, मुलीला शिकवणाऱ्या बाईंचं वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

आणखी एक. 'तिसरा इम्प्रॉम्प्टू' दोन आहेत! ओपस ९० या संचातला हा, आणि ओपस १४२ मधला बी फ्लॅटचा, त्यात एकाच धुनेवर पाच व्हेरिएशन्स (त्याच धुनेची बदललेली रूपं) आहेत. म्हणून प्रत मागवताना डॉइच क्रमांक (डॉइच यांनी केलेल्या शूबर्टच्या रचनांच्या सूचीतला) सांगा: आपला डी ८९९, दुसरा डी ९३५. शूबर्टच्या ओपस क्रमांकांवर माझा काडीचा भरवसा नाही. ते छपाईचे क्रमांक, रचनेचे नव्हेत. ओपस १ असलेलं 'एर्लकोनिग' हे गाणं १८१५ चं आणि ओपस २ असलेलं 'ग्रेट्शेन' त्याच्या आदल्या वर्षीचं, म्हणजे बघा.

उर्टेक्स्ट (संगीतकाराच्या मूळ लिखाणाला धरून छापलेली) आवृत्ती घ्या, महाग पडली तरी. पहिल्या पानावर सहा फ्लॅट आणि लांब बार दिसले की झालं. मुलगी घरी कीबोर्डवर सराव करत असेल तर ते ट्रान्स्पोजचं बटण आजच शून्यावर आहे का बघा.