व्हीआरने गेममध्ये खरंच फरक पडतो का?

प्रश्न: भाचा व्हीआर हेडसेटसाठी (डोळ्यांवर लावला की गेमच्या आतच असल्यासारखं वाटतं, तो) मागे लागलाय. गेम खरंच भारी होतो की नुसतं मिरवायचं?

उत्तर: गेमवर आहे हो सगळं. २०२० चा 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' बघा, त्यात नुसतं बटण दाबून बंदूक लोड होत नाही, खांद्यामागून गोळ्यांचं मॅगझिन काढून हाताने बसवायचं आणि समोर झॉम्बी आला की अशी तारांबळ उडते की विचारू नका, टीव्हीवर ती मजा नाहीच. कार रेसिंगमध्येही वळण किती लांब ते नीट कळतं. पण साधाच गेम व्हीआरमध्ये कोंबला तर काय उपयोग? शिवाय डोळ्यांना आपण पळतोय असं दिसतं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो जागेवरच आहोत, म्हणून बऱ्याच जणांना मळमळतं. आधी कुणाचातरी हेडसेट लावून बघू दे त्याला, मग पैसे काढा.