मेळघाटसारख्या दुर्गम जंगलात वीज, पाणी, रस्त्यांचा मेंटेनन्स कसा सांभाळतात?

सगळा खेळ कॅलेंडरचा आहे. गुगामल नॅशनल पार्क म्हणजे मेळघाटचा गाभा, तिथे काही बिघडलं की लगेच मेकॅनिक बोलवू असं चालत नाही, सामान परतवाड्याहून आणा, बऱ्याच भागात मोबाईलला रेंज नाही म्हणून वायरलेस, त्याची बॅटरी सोलरवर, म्हणजे पॅनल धुळीने माखलं की बोंबला. ओढेनाले भरले की कच्चे रस्ते बंद, त्यामुळे संरक्षण कुटीचं (जंगलात वनरक्षक राहतात ती चौकी) छप्पर, रेशन वगैरे पावसाआधीच उरकायचं. पाऊस सरला की रस्ते आणि मग जाळरेषा, म्हणजे गवताचा पट्टा कापून-जाळून मोकळा करायचा की वणवा पलीकडे जाऊ नये, आणि हे १५ फेब्रुवारीच्या आत झालंच पाहिजे कारण तिथून १५ जूनपर्यंत आगीचा सीझन. ही कामं बहुतेक तिथले कोरकू वनमजूरच करतात, त्यांची मजुरी रखडली तर तुमचं प्लॅनिंग गेलं खड्ड्यात (हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं). उन्हाळ्यात मुख्य डोकेदुखी पाणवठ्यांवरचे सोलर पंप. शक्यतो सगळीकडे एकाच कंपनीचं मॉडेल बसवा आणि एक स्पेअर कंट्रोलर (पंप चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) रेंज ऑफिसला, म्हणजे वनपरिक्षेत्र कार्यालयात, ठेवा, ऐन मे महिन्यात पार्ट शोधत फिरायची वेळ येत नाही.