कॅमेरा कुणाच्या हातात द्यायचा?

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही वाळवा तालुक्यातले. मुलगी नववीत आहे. शाळेनं ‘सामाजिक न्याय’ या विषयावर चौघाचौघांच्या गटाला मोबाइलवर पाच मिनिटांची फिल्म करायला सांगितली आहे. तिच्या गटानं कारखान्यामागच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचा विषय घेतलाय. आमचे मालक म्हणतात, आपलाच ऊस त्या कारखान्याला जातो, कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही. शिवाय पुढच्या वर्षी दहावी. मुलगी ऐकायला तयार नाही. जाऊ द्यावं का?
— एक आई

उत्तर : ताई, जाऊ द्या.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण मी त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची. बीड जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत २७ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. दिवाळीची सुट्टी संपली की वर्गातले बाक रिकामे. हजेरीत नावं आहेत, मुलं नाहीत. ती आई-बापांबरोबर ऊसतोडीला तुमच्याकडे आलेली असायची. तुमच्या मुलीला कोप्यांपुढं, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांपुढं, खेळताना जी पोरं दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचं नाव कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हजेरीत असतं. एवढं तिनं मनात धरून जावं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. आमच्याकडे हंगामी वसतिगृहात राहणारी आठवीतली एक मुलगी होती. आई-बाप उसाच्या फडात, ही मागं. वर्गातल्या मुलांनी तिच्यावर फिल्म केली, मीच करवून घेतली. विस्कटलेले केस, फाटलेली बाही, वर करुण गाणं. स्नेहसंमेलनात दाखवली, पालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना. भेटायला गेले तर खाली बघून म्हणाली, “बाई, त्यात मी तशी का दिसते?” ती खो-खोच्या संघात होती, तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुरेख. यातलं काहीच आम्ही घेतलं नव्हतं. आम्हाला दुःख हवं होतं, तेवढं उचललं.

पुढच्या हंगामात धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही ऊसतोडीच्या टोळीबरोबर जावं लागलं. जाताना मी माझा जुना मोबाइल तिच्याकडे दिला. काय काढायचं ते सांगितलं नाही. एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा त्यात ११ तुकडे होते. एकात आधी काही दिसतच नाही, नुसता काळोख. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं आणि तिचा स्वतःचा आवाज, “उठ रं, गाडी निघाली.” मग बॅटरीचा उजेड पडतो. त्या उजेडात भावाची पावलं, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. सगळं मिळून ४० सेकंद. पहाटे तीनला तिथं दुसरा कुणी कॅमेरा घेऊन जाणार नव्हता, आणि गेला असता तरी त्याला ती चप्पल दिसली नसती.

म्हणून तुमच्या मुलीला माझं एकच सांगणं आहे. त्या मुलांवर फिल्म करू नकोस, त्यांच्याबरोबर कर. गटात चौघं असतील तर पाचवं आणि सहावं त्या कोप्यांतलं असू दे. मोबाइल त्यांच्याही हातात जाऊ दे, आणि कुठला तुकडा ठेवायचा, कुठला कापायचा हे ठरवताना ती दोघं शेजारी बसलेली हवीत.

आपल्याकडे याचा फार मोठा दाखला आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वय साधारण १४, म्हणजे तुमच्या मुलीएवढीच. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी लिहिलं नाही. ती आपल्या माणसांबद्दल स्वतः बोलली, म्हणून ते शब्द आजही वाचताना अंगावर येतात. मी दर वर्षी तो निबंध वर्गात मोठ्यानं वाचायला लावायची.

कामाच्या चार गोष्टी. भरदुपारी जाऊ नये, मोठी माणसं फडात असतात. संध्याकाळी मोळ्या भरून माणसं परतली, चुली पेटल्या की जावं, आणि पहिल्या दिवशी मोबाइल बाहेर काढूच नये. आई-वडिलांना विचारल्याशिवाय मुलाचा चेहरा घ्यायचा नाही. “तू शाळेत का जात नाहीस?” असं तर चुकूनही विचारू नये, त्याला ते रागावल्यासारखंच लागतं. “काल उठल्यापासून काय काय केलंस?” एवढं विचारावं आणि गप्प बसावं. मोबाइल आडवा धरावा, फ्लाइट मोडवर टाकावा. उघड्यावर वारा आवाज खाऊन टाकतो, म्हणून दुसरा मोबाइल रुमालात गुंडाळून बोलणाऱ्याजवळ ठेवावा. वरून गाणं नको.

मालकांची काळजी मला समजते, ती खोटी नाही. कारखान्याचं, टोळी आणणाऱ्या मुकादमाचं नाव न घेता ही फिल्म होते. ती मुलांच्या दिवसाविषयी आहे. आणि त्यांनाच पहिली मुलाखत द्यायला सांगा. तोड वेळेवर मिळाली नाही की उभ्या उसाचं काय होतं, तोडीच्या चिठ्ठीसाठी किती हेलपाटे पडतात, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर देतात, हे मुलीनं कोप्यांतून ऐकावं. ऊस वाळत चाललाय हे घरातून. दोन्ही ऐकल्यावर तिला आपोआप कळेल की हे एका कुणाला वाईट ठरवून मिटणारं नाही.

दहावीचं म्हणाल तर राज्यशास्त्रात सामाजिक व राजकीय चळवळींचा धडा आहे, इतिहासात प्रसारमाध्यमांचा. बारावीच्या मराठीत मुलाखत, अहवाल, वृत्तलेख येतात. ही फिल्म करताना तिचा तोच अभ्यास होणार आहे.

एक गोष्ट मात्र हट्टानं पाळायला लावा. तयार झालेली फिल्म आधी शाळेत नाही, स्टेटसला तर नाहीच. पहिल्यांदा त्या कोप्यांपुढं, सगळ्यांना बसवून दाखवायची. कुणी म्हणालं “हे काढा”, तर काढायचं, कितीही छान जमलेलं असो. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळ्या एका रात्रीत निघतात, तेव्हा कारखाना कधी बंद होणार याची चौकशी आजच करा. आणि बघून झाल्यावर ती माणसं काय म्हणाली, तेवढं मला मुलीच्या हातानं लिहून पाठवा.