जुन्या बुलेटचे क्लच-केस तेल बदलताना

जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच-केस (इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेणारी प्रायमरी चेन आणि क्लच ज्यात असतात तो डबा) यांचे तेल वेगवेगळे असते, त्यामुळे इंजिन ऑइल बदलले म्हणजे प्रायमरी चेनचेही काम झाले, असे समजू नका. गाडी थोडी फिरवून क्लच-केसचे तेल कोमट असतानाच ते पांढऱ्या ताटलीत काढून घ्या. तळाशी करडी, पिठासारखी कणी दिसली तर ती नेहमीची झीज समजावी. पण नखाला अडकणारे तुकडे निघाले, तर कव्हर उघडून चेनचे रोलर, चेन ताणून धरणारे टेन्शनर पॅड आणि क्लच प्लेटा तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. सांगलीत कृष्णेच्या पुरात उभी राहिलेल्या गाडीचे तेल दुधाळ निघाले, तर किलोमीटर न मोजता ते ताबडतोब बदला. कव्हरला मधोमध एकच नट असल्याने तो करकचून आवळण्याचा मोह होतो, गळती मात्र बहुधा जुन्या रबर सीलमुळेच असते.