वजन किती ते नंतर, आधी खुर्चीतून उठून दाखवा

मागच्या वेळी या सदरात रक्तदाबावर लिहिलं होतं. प्रश्न मात्र आले ते पोटाच्या घेराचे. त्यात पन्नाशी ओलांडलेल्यांचे जास्त, आणि फिरून फिरून तेच. दवाखान्यात रोज जे ऐकते तेच आता लेखी आलंय, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देते. बाई फटकळ आहेत असं कुणाला वाटलं तर त्यांचं काही चुकत नाही.

सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेतलं की चरबी वितळते का? (वय ५४, सिडको)

नाही. चरबी म्हणजे थंडीत गोठलेलं तूप नव्हे. मोठा चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात, तेवढ्या पोटात जातात. मधुमेह असेल तर आजच बंद करा.

मी सोमवार, चतुर्थी आणि एकादशी करते. तरी वजन हलत नाही. असं का? (वय ५६, पंचवटी)

साबुदाण्याच्या खिचडीमुळे. मधुमेहाची गोळी चालू असेल तर पुढचा उपवास धरण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांवर उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली उतरते.

उंची ५ फूट ५ इंच, वजन ६८ किलो. मोबाइलवर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) काढला तर २४.९ आला आणि समोर ‘नॉर्मल’. बायको म्हणते पोट सुटलंय. कोण खरं? (वय ५८, इंदिरानगर)

बायको. तुमच्या मोबाइलने लावलेलं २५ चं माप युरोप-अमेरिकेतल्या लोकांवरून ठरलेलं आहे. भारतीय माणसाला त्याच बीएमआयवर चरबी जास्त असते, तीही पोटात, आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून आपल्याकडे २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही मर्यादा. पॅंटचा नंबर मला सांगू नका. पोटाखाली पट्टा बांधून ‘वीस वर्षं तोच नंबर आहे’ म्हणणारे गृहस्थ मी आठवड्याला दोन तरी बघते. घेर मर्यादेबाहेर असेल तर उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासून फॅमिली डॉक्टरांना दाखवा.

कॉलनीत सकाळी एक क्लब भरतो. तिथल्या मशीनवर उभं राहिले तर माझं ‘शरीराचं वय’ ७१ निघालं. मी ५५ ची आहे. ते म्हणतात तीन महिने शेक घ्या. घाबरले आहे. (उंटवाडी)

घाबरू नका, चिडा. ते मशीन तळपायातून अगदी हलका वीजप्रवाह सोडतं आणि त्याला किती अडथळा होतो त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. तुम्ही पाणी किती प्यायलात, चालून घामाघूम होऊन आलात का, यावरसुद्धा आकडा हलतो. ‘शरीराचं वय’ असं कुठलंही निदान माझ्या पुस्तकात नाही. तो विक्रीचा आकडा आहे, आणि विकणाऱ्याच्या मशीनवर तो कधीच खऱ्या वयापेक्षा कमी निघालेला मी ऐकला नाही. शेकमध्ये मुख्यतः प्रथिनाची पूड आणि गोडी असते. त्याने वजन उतरतं ते जेवण सुटल्यामुळे. जेवण सुरू झालं की परत येतं, पैसे तेवढे येत नाहीत. यापेक्षा वाईट म्हणजे लेबल नसलेली ‘आयुर्वेदिक’ पूड. ती घेऊन कावीळ झालेले रुग्ण मी पाहिलेत. घेत असाल तर डबा घेऊन डॉक्टरांकडे जा, लपवू नका.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का? माझी सात हजारांवर दमछाक होते. (वय ६३, नाशिकरोड)

नाही. हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ अशा अर्थाचं होतं. जाहिरात गेली, आकडा राहिला. साठीनंतर सहा ते आठ हजारांपर्यंत फायदा चढत जातो, पुढे फारसा वाढत नाही. तुमचे सात पुरेत, पण जरा झपाझप. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. फक्त ही दमछाक आधीपासूनची की अलीकडे वाढलेली, ते डॉक्टरांना सांगा. आणि हे सगळ्यांसाठी: गोदापार्कला पाऊण तास चालून थेट मिसळीच्या टेबलावर बसलात तर हिशेब उलटा होतो. खायचीच तर मटकी जास्त घ्या, तर्री कमी आणि एकच पाव.

पाच महिन्यांत ९ किलो उतरवले. ६७ ची ५८ झाले. पोळी आणि भात बंद, एकच वेळ जेवते, रोज तासभर चालते. सगळे कौतुक करतात. हल्ली जमिनीवरून उठताना मात्र हात टेकावा लागतो आणि जिन्यात कठडा धरते. आणखी ५ किलो कसे कमी करू? (वय ६१, कॉलेज रोड)

आणखी एक किलोही नको. आधी मी काय सांगते ते वाचा, आणि कौतुक करणाऱ्यांनाही वाचायला द्या.

काटा वजन सांगतो, पण उतरलं काय ते सांगत नाही. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर उतरलेल्यातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही असतात. तिशीनंतर स्नायू तसेही दर दहा वर्षांनी थोडे थोडे झिजतात, साठीनंतर जास्त वेगाने. पाळी गेल्यावर हाडंही विरळ होऊ लागतात. अशा वयात तुम्ही एकवेळ जेवलात, त्यातून डाळ-दूध किती गेलं देव जाणे, आणि व्यायाम केला तो फक्त चालण्याचा. तुमचा वेग चुकीचा नव्हता. आठवड्याला अर्धा किलो ठीकच. पण मांड्या त्याबरोबर गेल्या. हात टेकावा लागतो तो म्हणूनच.

पूर्वी ही परीक्षा घरात रोज व्हायची. पाटावर जेवायचं, विळीवर बसून भाजी चिरायची, दिवसातून वीसदा उठबस. आता टेबल, ओटा, कमोड. मला स्वतःला हे सगळं आवडतं, परत पाटावर बसा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण मांड्यांना दिवसभर कामच उरलं नाही, हेही खरं.

घरी एक चाचणी करा. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर दुमडा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसा. कुणाला तरी शेजारी उभं करा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई निकषांप्रमाणे स्नायू अशक्त असल्याची शंका घेतात. दुसरी खूण पोटरीची. सर्वांत जाड जागी बाईची ३३ सेंटिमीटरपेक्षा आणि पुरुषाची ३४ पेक्षा कमी भरली तर तपासणी हवी. पोटाची टेप आवडीने मोजणाऱ्या एकानेही मला आजवर पोटरीचं माप सांगितलेलं नाही.

मी याचा एवढा धोशा का लावते? कारण पुढची पायरी पडण्याची असते. न्हाणीत पाय घसरला, मांडीच्या खुब्याचं हाड मोडलं, की घराचं वेळापत्रक बदलतं आणि बरेच जण पूर्वीसारखे चालत नाहीत. बारीक झालेल्या सासूबाईंना बघायला आलेले तेच नातेवाईक मग वॉर्डात दिसतात.

हे भरून येतं, हे मुद्दाम सांगते. १९९० साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. तुम्ही तर एकसष्टच्या. खुर्चीतून उठबस, भिंतीला हात लावून जोर, ओट्याला धरून टाचा उचलणं, रबरी पट्टा ताणणं, हे आठवड्यातून किमान दोन दिवस, एकाआड एक. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, नाहीतर तो व्यायाम नव्हे. श्वास रोखायचा नाही. तोल सावरायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको.

आणि खा. तुमच्या वजनाला दिवसाला ५८ ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत, ती एका जेवणात बसत नाहीत. आपलं वरण इतकं पातळ की डाळ बोटाने शोधावी लागते. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात सहा, अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. तीन जेवणांत वाटून घ्या. पोळीही सुरू करा, तिच्याशी माझं भांडण नाही. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासा, कारण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब बदलतो. बी-१२, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनताही बघू. या महिन्यात कुणाला तरी दाखवाच.

थायरॉइडमुळेच माझं वजन वाढलंय ना? २२ किलो जास्त आहे. (वय ५२, अंबड)

थायरॉइड कमी असल्याने वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, त्यातही बरंचसं पाणी. उरलेल्याचा दोष त्याच्यावर टाकू नका. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा, गोळी स्वतःहून वाढवू नका.

वजन उतरवायचं इंजेक्शन मित्राने आणून दिलंय. किती घेऊ? (वय ५७, सातपूर)

शून्य. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि प्रिस्क्रिप्शन कुठाय ते मित्राला विचारा. औषध चांगलं आहे, माझ्याही काही रुग्णांना दिलंय. पण स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर असेल तर ते चालत नाही. मात्रा हळूहळू वाढवायची असते. अशा इंजेक्शनांतलं एक औषध, सेमाग्लुटाइड, बंद केल्यावर उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश वर्षभरात परत आल्याचं चाचण्यांत दिसलंय. आणि भूक गेली की आधी प्रथिनं सुटतात. वरचं कॉलेज रोडचं उत्तर तुम्हीही वाचा.

श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करायची म्हणून चालायला लागलो. चढावर छातीत जडपणा येतो, थांबलं की पाच मिनिटांत जातो. तीन महिने झाले. अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो. ईसीजी नॉर्मल आहे. चालू ठेवू का? (वय ५९, म्हसरूळ)

यांना मी सदराची वाट न बघता फोन केला. चालल्यावर येणारा आणि थांबल्यावर जाणारा जडपणा अ‍ॅसिडिटी नसतो, असंच धरून चालायचं. बसून काढलेला ईसीजी नॉर्मल असला तरी रक्तवाहिनी चोंदलेली असू शकते. तीन महिने! गाडीचा आवाज बदलला तर आपण त्याच दिवशी गॅरेजला जातो. हाच त्रास ज्यांना होतो त्यांनी हा अंक खाली ठेवून हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी. बसल्याजागी होत असेल, घाम येत असेल तर वेळ न घेता थेट रुग्णालय. फेरी पुढच्या वर्षीही असते.

सायकल घेतली. रविवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो, एरवी बसूनच काम. पुरे का? (वय ५५, गंगापूर रोड)

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी सायकलवर अमेरिका पार केली, तेव्हापासून माझ्याकडे सायकलवाले वाढले. मला आनंदच आहे. पण सहा दिवस बसून सातव्या दिवशी पन्नासहून जास्त किलोमीटर ही वाटणी बरी नव्हे. आठवड्याची किमान दीडशे मिनिटं चार-पाच दिवसांत वाटा. सायकलवर हाडांना शरीराचा भार मिळत नाही, म्हणून ताकदीचे दोन दिवस तुम्हालाही. त्याआधी रक्तदाब आणि साखर तपासा.

गुडघे दुखतात, मग चालू कसं? (वय ६०, सिडको)

एक किलो उतरला की पावलागणिक गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो. सपाटीवर, चांगल्या बुटात, दहा-दहा मिनिटं चाला. सूज असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

जिमवाले म्हणतात वर्षाचे पैसे एकदम भरले तर निम्म्यात देतो. भरू का? (वय ५३, कॉलेज रोड)

महिन्याचे भरा. ट्रेनरला तुमच्या गोळ्यांची यादी दाखवा. त्याने वाचली नाही तर दुसरी जिम बघा.